भाड्याची घरे आणि वांशिक विषमता (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ज्या घराचे भाडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत बसते, ते घर सामान्यतः परवडणारे मानले जाते. गोऱ्या कुटुंबांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश स्वतःच्या घरात राहतात, तर कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक भाडेकरू आहेत. त्यामुळे भाडेवाढीची आणि घरमालकाच्या नकाराची झळ त्यांना अधिक बसते.

या विषमतेला शासनाचाही हातभार लागला, हे शिकागोच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तेथे अल्प उत्पन्न गटासाठी सरकारी भाड्याची घरे बांधताना जागेला नगर परिषदेची संमती आवश्यक असे, आणि गोऱ्या वस्त्यांचे नगरसेवक ती देत नसत. परिणामी रॉबर्ट टेलर होम्ससारख्या, १६ मजल्यांच्या २८ इमारतींच्या वसाहती कृष्णवर्णीय वस्त्यांतच उभ्या राहिल्या. डोरोथी गोत्रो व इतर भाडेकरूंनी १९६६ मध्ये याविरुद्ध दावा दाखल केला. जागांची निवड वंश पाहूनच झाली होती, असा निर्णय १९६९ मध्ये लागला, पण गोत्रो त्यापूर्वीच निवर्तल्या होत्या. पुढील घरे गोऱ्या वस्त्यांत बांधावीत या आदेशावर गृहनिर्माण प्राधिकरणाने बांधकामच जवळजवळ थांबवले. भेदभाव न सोडता आदेशभंगही टाळण्याचाच हा प्रकार होता. अमेरिकेत उपनगरांच्या नगरपालिका स्वतंत्र असल्या, तरी उपाययोजना त्यांच्या हद्दीतही करता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये मान्य केले, आणि १९९८ पर्यंत सुमारे ७,००० कुटुंबांना भाडेसाहाय्य देऊन इतरत्र हलविण्यात आले.

घर भाड्याने देताना वंशभेद करण्यास १९६८ च्या न्याय्य गृहनिर्माण अधिनियमाने बंदी घातली असली, तरी मोठ्या भूखंडावर एकच घर बांधू देणारे भूवापराचे नियम वंशाचा उल्लेख न करताही स्वस्त भाड्याच्या इमारतींना, आणि पर्यायाने त्यांतील संभाव्य रहिवाशांना, दूर ठेवतात. १९७४ पासून संघीय शासन भाड्याचा काही भाग थेट घरमालकाला देते. या योजनेच्या पत्रास ‘व्हाउचर’ म्हणतात. तथापि भाडेसाहाय्यास पात्र असलेल्या कुटुंबांपैकी सुमारे एक-चतुर्थांशांनाच ते मिळते, आणि मिळाले तरी व्हाउचरधारकास नकार देण्यास संघीय कायद्याची सरसकट आडकाठी नाही. काही राज्यांनी व शहरांनी मात्र असा नकार बेकायदा ठरवला आहे.