परकायाप्रवेशाचा अभ्यास : दूरनियंत्रित हेलिकॉप्टर आणि शिकाऊ हात

यंत्रांचा इतिहास बहुधा संशोधकांच्या नावांनी लिहिला जातो. ती यंत्रे चालवायला शिकणाऱ्या हातांचा इतिहास नोंदीवाचून राहतो. दूरनियंत्रित हेलिकॉप्टरच्या बाबतीत मात्र हे दोन इतिहास परस्परांत असे गुंतले आहेत, की एकाशिवाय दुसरा सांगता येत नाही. ज्ञान संहितेत किती मावते आणि हातात किती उरते, हा आपल्या वर्गातला प्रश्न येथे फार स्वच्छ दिसतो. म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी या आडवाटेच्या विषयाकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

आर्थर यंग हे १९२७ साली प्रिन्स्टन विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यांची मूळ ओढ तत्त्वज्ञानाची. विश्वरचनेचा सिद्धान्त मांडावा ही आकांक्षा. पण विचाराला वस्तूची कसोटी हवी, या जाणिवेने १९२८पासून ते हेलिकॉप्टरकडे वळले आणि बारा-तेरा वर्षे लहान प्रतिकृती घडवीत, मोडीत, पुन्हा घडवीत राहिले. उड्डाणापेक्षा अवघड प्रश्न स्थैर्याचा होता. प्रतिकृती हवेत उठे, जराशी कले, आणि डोलणे वाढत जाऊन कोसळे. यंग यांना उत्तर सापडले ते रोटरच्या पात्यांशी काटकोनात बसवलेल्या, टोकांना वजने असलेल्या दांडीत. भोवऱ्याप्रमाणे फिरणारी ही दांडी आपली पातळी सहजी सोडत नाही. ती पात्यांच्या कोनाशी जोडली, की यंत्राचे धड कलले तरी रोटर दांडीच्या पातळीत राहतो. १९४१ साली तारेने नियंत्रित होणारी विजेवरची प्रतिकृती घेऊन ते बफेलो येथील बेल कंपनीकडे गेले. तेथून घडलेल्या ‘बेल ४७’ला ८ मार्च १९४६ रोजी अमेरिकेत नागरी वापराचे प्रमाणपत्र मिळाले. माणसाला वाहून नेणाऱ्या या हेलिकॉप्टरचे पूर्वरूप असे एक दूरनियंत्रित प्रतिकृतीच होते. खेळणे हे यंत्राचे अनुकरण असते, ही आपली समजूत येथे उलटी होते.

रेडिओने चालणारे, मुक्तपणे उडणारे हेलिकॉप्टर मात्र आणखी पाव शतक हुलकावणी देत राहिले. जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते साध्य केले आणि १९७० साली त्यांच्या प्रतिकृतीने दहा किलोमीटरांहून अधिक अंतर कापले. पुढे त्यांचे सुटे भागसंच बाजारात आले आणि सामान्य हौशी माणसासमोर प्रश्न उभा राहिला : हे उडवायचे कसे?

विमान वेगात असले, की आपसूक बरेचसे सावरते. हेलिकॉप्टरचा शिकाऊ मात्र सर्वांत कठीण गोष्टीपासून, म्हणजे एका जागी तरंगण्यापासून, आरंभ करतो. पात्यांचा कोन वाढवला की उचल वाढते. त्याबरोबर रोटरची प्रतिक्रिया वाढून धड उलट दिशेला वळू पाहते. ते रोखण्यासाठी शेपटीच्या रोटरचा जोर वाढवावा, तर तोच जोर यंत्राला बाजूला ढकलतो. मग मुख्य रोटर किंचित कलवावा लागतो, आणि कलताच थोडी उचल घटते. एका बोटाची चूक दुसऱ्या बोटाने निस्तरावी लागते. म्हणून नवशिक्याचे यंत्र घसरपट्ट्यांखाली आडव्या काठ्या बांधून जमिनीलगत हलवले जाते. डिसेंबर १९४२मध्ये ‘बेल ३०’ हे मोठे यंत्रही प्रथम दोराने बांधूनच उडवले गेले होते, हे येथे आठवावे.

यानंतरची पायरी आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते. शेपूट आपल्याकडे असेतो यंत्राचा डावा-उजवा आणि आपला डावा-उजवा एकच असतो. नाक आपल्याकडे वळले, की दोन्ही उलटतात. त्या क्षणी जो स्वतःच्या जागेवरून विचार करतो, तो यंत्र आपटतो. आपल्या परंपरेत यासाठी ‘परकायाप्रवेश’ हा नेमका शब्द आहे. दृष्टिकोन बदलणे म्हणजे काय, हे कथनमीमांसेच्या तासाला आपण व्याख्येने सांगतो. येथे ते अंगठ्यांना शिकावे लागते, आणि तेही विचाराला सवड नसताना.

पुढचा इतिहास हे ओझे हातावरून उतरवण्याचा आहे. शेपटीसाठी जायरोस्कोप आले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपासून दांडीचे काम इलेक्ट्रॉनिक संवेदकांनी घेतले. आणि कळा सोडताच जागीच थांबणाऱ्या बहुरोटरी ड्रोननी तरंगण्याची विद्या शिकण्याची गरजच बहुतांशी संपवली. याला निव्वळ ऱ्हास म्हणणे आम्हांस मान्य नाही. यंग यांची दांडी हीदेखील हाताचे काम यंत्राकडे सोपवण्याचीच युक्ती होती. ती नसती, तर शिकण्याची संधीही फार थोड्यांना मिळाली असती. प्रश्न एवढाच, की जे कौशल्य यंत्रात विरघळते, त्यासोबत त्याचा अनुभव सांगणारी भाषाही विरते का?

यंग पुढे तत्त्वज्ञानाकडे परतले. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द रिफ्लेक्झिव्ह युनिव्हर्स’ या ग्रंथात त्यांनी मांडले, की स्वातंत्र्य बंधनात उतरते आणि बंधन पचवूनच पुन्हा वर चढते. हा विचार केवळ हेलिकॉप्टरमधून आला असे म्हणणे धाडसाचे होईल. पण त्याआधीची कित्येक वर्षे कोसळणाऱ्या प्रतिकृती गोळा करण्यात गेली होती, हे वाचकाने विसरू नये. ग्रंथाच्या संदर्भसूचीत त्या वर्षांना जागा नसते. इतिहासलेखनात ती असायला हवी.