विलायतेतले पहिले दिवस आणि गिरगाव-परळ

परदेशी शिकायला गेलेल्या माणसाने पहिल्या काही महिन्यांत लिहिलेला मजकूर आपण प्रवासवर्णनाच्या कपाटात ठेवून मोकळे होतो. तिथली थंडी, टेबलावरचे जेवण, रविवारची सामसूम, बायकांचे मोकळे वावरणे हे सारे मौजेने वाचायचे आणि विसरून जायचे. माझ्या मते हा मजकूर मुंबईच्या इतिहासाचे साधन आहे. परक्यांच्या रोजच्या जगण्यात पाहणाऱ्याची नजर कशावर अडकली, यावरून त्या देशाविषयी थोडेफार कळते; पण त्याला घरी काय सलत होते, ते मात्र नेमके कळते.

सर्वांत ठसठशीत पुरावा विठ्ठल रामजी शिंदे यांचा. 1901 साली ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माच्या तौलनिक अभ्यासासाठी गेले. प्रवासखर्चाला सयाजीराव गायकवाडांचा हातभार होता. तिथून त्यांनी लिहिलेली पत्रे ‘सुबोधपत्रिके’त येत. हे मुंबई प्रार्थना समाजाचे मुखपत्र. (गिरगावात ‘प्रार्थना समाज’ म्हणजे आज अनेकांना केवळ नाक्याचे नाव वाटते, ती गोष्ट वेगळी.) म्हणजे पत्रांचा वाचक ठरलेला होता: सुधारणेच्या बाजूचा, शिकलेला, रविवारी उपासनेला जाणारा. युनिटेरियन म्हणजे एकेश्वरवादी ख्रिस्ती मंडळी शहरांतल्या गरीब वस्त्यांत जाऊन जे काम करत, तेही शिंद्यांनी तिथे पाहिले. 1903 मध्ये परतल्यावर ते समाजाचे प्रचारक झाले, आणि 18 ऑक्टोबर 1906 रोजी त्यांनी गिरगावात नव्हे, गिरणगावच्या परळमध्ये अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढून डिप्रेस्ड क्लासेस मिशनची सुरुवात केली. त्यांची बहीण जनाबाई त्या शाळेत राबली. उपासना गिरगावात आणि गरज परळमध्ये, हे अंतर ओलांडायला धर्म वस्तीपर्यंत चालत गेला पाहिजे, हा धडा त्यांनी ऑक्सफर्डच्या वर्गाइतकाच वर्गाबाहेर घेतला होता.

यावर पहिला आक्षेप असा की ही माणसे गोऱ्यांच्या राहणीने दिपून गेली होती. दिपलेल्या डोळ्यांची साक्ष काय धरायची? त्याला पंडिता रमाबाईंचे लिखाण उत्तर देते. 1883 साली त्या इंग्लंडला शिकायला गेल्या, आणि त्यांनी सदाशिव पांडुरंग केळकरांना लिहिलेले प्रवासाचे पत्र त्याच वर्षी छापले गेले. पुढे अमेरिकेत त्यांनी बालवाडीची फ्रोबेल पद्धत शिकून घेतली. 1889 साली मराठीत आलेल्या त्यांच्या अमेरिकेवरील ग्रंथात स्त्रियांच्या संस्थांचे कौतुक भरभरून आहे; पण काळ्या माणसांना मिळणारी वागणूक, कंबर आवळणारे कपडे, टोपीवर पिसे खोचण्यासाठी पाखरे मारण्याची हौस, यांवरचे कोरडेही तितकेच कडक आहेत. दिपलेला माणूस असे निवडून वेचत नाही. ग्रंथ येण्याआधीच, 11 मार्च 1889 रोजी, त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा उघडली होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. परदेश पाहण्याआधीच इथे फुले होते, 1867 पासून प्रार्थना समाज होता. मग श्रेय बोटीच्या तिकिटाला कशाला द्यायचे? हे मला निम्मे मान्य आहे. विचार इथलाच होता. परदेशाने दिली ती त्या विचाराची रोजच्या व्यवहारातली प्रचिती, आणि ती पुस्तकातून मिळत नाही. डॉ. आंबेडकरांचे उदाहरण घ्या. जुलै 1913 मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. विद्यापीठाच्या वसतिगृहातले जेवण न रुचल्याने त्यांनी आठवडाभरातच मुक्काम हलवला. पण पहिल्या काही आठवड्यांतच त्यांनी वडिलांच्या स्नेह्याला धाडलेल्या पत्राचा भर मुलींच्या शिक्षणावर आहे. नजर न्यूयॉर्कवर आणि मन परळवर! परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. म्हणूनच परतल्यावर 1917 साली बडोद्यात अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना, तेव्हा तो अपमान जास्त झोंबला. नंतर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झालेला हा माणूस राहत होता परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत.

इथे शिंद्यांची वाट आणि आंबेडकरांची वाट वेगळी होते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. शिंद्यांनी परदेशी पाहिली ती सेवा. आंबेडकरांनी अनुभवली ती बरोबरी. सेवा दुसऱ्यासाठी करता येते, बरोबरी ज्याची त्यालाच मिळवावी लागते. मिशनच्या शाळेनंतर अठरा वर्षांनी, 1924 साली, त्याच परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठी बैठक भरली, आणि तिची हाक अस्पृश्यांनी स्वतःच दिलेली होती.