मुक्या सोबत्यांची शुश्रूषा

दिवाळीतला पहिला मान माणसाचा नसतो. वसुबारसेच्या संध्याकाळी निरांजन ओवाळले जाते ते गाय-वासराला. धर्मराजाने कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात पाऊल टाकायचे नाकारले, ही कथा आपण आजीजवळ बसून ऐकली. साताऱ्याजवळ संगम माहुलीला गेलेल्यांनी शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधीही पाहिली असेल. पण ही मुकी मंडळी दूध आणि राखण यांपलीकडे आपल्याला काय देतात? दुखणाइताला त्यांचा काही गुण येतो काय? या प्रश्नाचा इतिहास मोठा वाचनीय आहे, आणि त्याचा एक धागा एका दुर्दैवी मृत्यूपाशी जाऊन पोहोचतो.

१७९० साली इंग्लंडातील यॉर्क शहरी हॅना मिल्स नावाची क्वेकर पंथाची विधवा वेड्यांच्या इस्पितळात होती. पंथातील माणसे तिला भेटायला गेली, तर त्यांना भेटू दिले नाही. थोड्याच आठवड्यांत ती वारली. वेडा म्हणजे पशू, आणि पशूला औषध साखळदंडाचे, असा तो काळ. विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याच्या मनाला ही गोष्ट लागली. पंथातील मंडळींच्या साह्याने त्याने १७९६ साली यॉर्कमध्येच ‘रिट्रीट’ ही संस्था उघडली. तेथे साखळ्या नव्हत्या. बाग होती, हाताला काम होते. अंगणांतून ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी, ससाणेसुद्धा ठेवलेले असत. ट्यूकचा नातू सॅम्युएल याने १८१३ साली या संस्थेची हकीकत लिहिली, तीत या प्राण्यांचा उल्लेख आहे. त्यांच्या सहवासाने रोग्यांच्या मनातली माया जागी होते, असे त्याने म्हटले. जग ज्यांना पशू म्हणत होते, त्यांच्या ओंजळीत या भल्या माणसांनी एक ससा ठेवला आणि त्यांना पुन्हा माणूस केले!

पुढचे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे, फ्लॉरेन्स नाइटिंगेल. १८५० साली अथेन्समध्ये या बाईंनी घुबडाचे एक पिल्लू पोरांच्या तावडीतून सोडवले आणि त्याचे नाव ठेवले अथेना. ते त्यांच्या खिशातून हिंडत असे. १८५९ साली निघालेल्या शुश्रूषेवरील त्यांच्या पुस्तकात, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्यांना एखादा छोटा प्राणी हा उत्तम सोबती, असे सांगून त्यांनी आणखी एक सूचना केली आहे. रोग्याला शक्य असेल तर त्या प्राण्याला खाऊ घालणे, त्याची स्वच्छता करणे, हे त्यालाच करू द्यावे. वाचकहो, ही सूचना लक्षात असू द्या.

त्यानंतर शंभर वर्षांनी न्यूयॉर्कमधील बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे कोणाशीच न मिसळणारा एक मुलगा आला. ठरल्या वेळेच्या आधीच आल्यामुळे डॉक्टरांचा कुत्रा जिंगल्स खोलीतच होता. तो मुलाला चाटू लागला, आणि मुलाने त्याला कवटाळले! कोणाही माणसाला न उघडलेले दार कुत्र्याने उघडले. १९६१ साली डॉक्टरांनी हा अनुभव जाणत्यांच्या सभेत मांडला, तेव्हा “फीमधला किती हिस्सा कुत्र्याला देता?” अशी थट्टा झाली. पण विचार थट्टेने मरत नाहीत.

१९८० साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९२ हृदयरोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले. नसलेल्या ३९ जणांपैकी ११. कुत्र्याला फिरवताना व्यायाम होतो म्हणून हे घडले असावे, असे वाटेल. पण कुत्र्याखेरीज इतर प्राणी पाळणाऱ्यांतही हाच फरक दिसला. अर्थात पुढच्या सगळ्याच पाहण्यांनी याला दुजोरा दिला नाही. तेव्हा डॉक्टरांच्या गोळ्या टाकून मांजर आणावे, असे कोणी समजू नये!

मांजरावरून आठवले. आमच्या आत्याला अर्धांगवायू झाला, तेव्हा स्वच्छता हवी म्हणून तिची मनी आम्ही दूरच्या आळीत एका ओळखीच्या घरी देऊन टाकली. आत्याला भरवायचे, पुसायचे, कूस बदलायची. कशात उणे ठेवले नाही. तरी ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. नवव्या दिवशी मनी आपण होऊन परत आली. आत्याने चांगला हात पुढे केला आणि कित्येक दिवसांत प्रथमच तोंड उघडले, “अरे, तिची बशी आण. दूध मी घालते.”

निम्मे दूध अंथरुणावर सांडले. पण मला नाइटिंगेलबाईंच्या सूचनेचा अर्थ कळला. आम्ही आत्याची सगळी कामे काढून घेतली होती आणि तिला सेवा असे म्हणत होतो. ज्याला सगळे सांभाळतात, त्यालाही कोणाला तरी सांभाळायचे असते.

यंदा वसुबारसेला तुमच्या घरी कोणी वृद्ध वा आजारी असेल, तर गाईचा घास तुम्ही भरवू नका. त्यांच्या हातून भरवा. हात थरथरला तरी चालेल. गाय वाट पाहील.