मिरचीची आग आणि डोळ्यांचे औषध

थंडीच्या दिवसांत नंदुरबारास येणाऱ्या पाहुण्याला बाजारपेठ दिसण्याआधी मिरचीचा ठसका लागतो. पथारीवर पसरलेली लाल मिरची आणि देठ खुडीत बसलेल्या बाया, हे दृश्य आपल्या ज्ञातिबांधवांस नवे नाही. आपल्यांतील कित्येक घरांत मुलांची शिक्षणे व मुलींची लग्ने याच पिकावर झाली. परंतु मिरचीचा हात डोळ्यांस लागताच आग का होते, हा साधा प्रश्न आम्ही क्वचितच विचारला. त्याचे उत्तर मिळण्यास शास्त्रज्ञांना शतकाहून अधिक काळ लागला. तो इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

मिरची मूळची या भूमीची नव्हे. अमेरिका खंडातील हे पीक सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यास आले. तोवर आपल्या स्वयंपाकातील तिखटपणा मिऱ्यांचा होता. 'मिरची' हे नावही त्याच मिऱ्यांशी नाते सांगते.

इसवी सन १८७६ मध्ये इंग्लंडातील थ्रेश यांनी मिरचीतील तिखट द्रव्य स्फटिकरूपाने वेगळे करून त्यास 'कॅप्सेसिन' हे नाव दिले. पुढे १९४० च्या दशकात हंगेरीतील औषधक्रियाशास्त्रज्ञ यांचो यांनी एक विलक्षण गोष्ट दाखविली. प्राण्यास हे द्रव्य वारंवार दिले असता दाहक रसायनांची आग त्यास जाणवेनाशी होते. स्पर्श मात्र पूर्ववत जाणवतो. म्हणजे आगीची वार्ता मेंदूकडे नेणारे चेतातंतू निराळे असले पाहिजेत, आणि त्यांवर कॅप्सेसिनसाठी खास दार असले पाहिजे, असा तर्क बळावला. अशा दारास शास्त्रात 'ग्राही' म्हणतात.

ते दार प्रत्यक्ष सापडले १९९७ साली. कॅलिफोर्नियातील डेव्हिड ज्यूलियस व त्यांचे सहकारी मायकेल कॅटेरिना यांनी वेदना जाणणाऱ्या पेशींतील हजारो जनुकांतून या ग्राहीचे जनुक हुडकून काढले. गंमत अशी की, हेच दार सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या उष्णतेनेही उघडते! मिरचीने 'आग झाली' असे आपली आजी म्हणे, ते निव्वळ अलंकारिक बोलणे नव्हते. मेंदूस खरोखरच चटक्याची वार्ता पोहोचते. डोळ्याच्या काळ्या भागावरील पारदर्शक पडद्यात असे चेतातंतू दाटीने पसरलेले असल्यामुळे तेथे कणभर मिरचीही असह्य होते.

२००२ साली ज्यूलियस व आर्डेम पटापुटियन यांनी, स्वतंत्रपणे काम करून, पुदिन्याच्या अर्काने व थंडीने उघडणारा दुसरा ग्राही शोधला. या दोघांस २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. थंडीचा हा ग्राही डोळ्याच्या तंतूंवरही असून अश्रू पाझरण्याशी त्याचा संबंध आहे. त्यास चेतविणारे 'अकोल्ट्रेमॉन' हे थेंबाचे औषध कोरड्या डोळ्यांच्या विकारासाठी २०२५ मध्ये अमेरिकेत संमत झाले. मिरचीच्या जिज्ञासेतून निघालेली वाट अशी नेत्रोपचारापर्यंत पोहोचली.

आता आपल्या कर्तव्याविषयी दोन शब्द. पथारीवर दिवसभर बसणाऱ्या बायांच्या डोळ्यांतील पाणी 'सवयीचे' म्हणून आपण सोडून देतो. आग जाणवणे कमी झाले म्हणजे डोळा सुरक्षित झाला असे नव्हे. इशारा देणारा पहारेकरी तेवढा मंदावला, असाही त्याचा अर्थ असू शकतो. म्हणून ज्यांची पथारी आहे, त्यांनी कामकऱ्यांस बंदिस्त चष्मे, तोंडास फडके व धुण्यास भरपूर स्वच्छ पाणी द्यावे. मिरची डोळ्यांत गेल्यास डोळे चोळू नयेत, पाण्याने धुवावेत, आणि त्रास न थांबल्यास नेत्रवैद्यास दाखवावे. यास फार खर्च नाही.

ज्या हातांनी खुडलेल्या मिरचीवर आपली घरे उभी राहिली, त्या हातांच्या धन्यांचे डोळे शाबूत राखणे हे आपल्यावरील ऋणच होय. ते येत्या हंगामापासून फेडावयास लागावे, एवढीच सर्व कुटुंबांस आमची नम्र विनंती.