नातीची स्पर्धा, कुंडी भंडारा आणि माझी जुनी कर्जप्रकरणं



गेल्या महिन्यात माझी नात तिच्या तीन मैत्रिणींना घेऊन घरी आली. शाळांच्या एका स्पर्धेसाठी जगापुढचा एक मोठा प्रश्न निवडून त्यावर उपाय मांडायचा होता. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली १७ शाश्वत विकास उद्दिष्टं ठरवली, त्यातलं सहावं पाण्याचं. पोरींनी तेच घेतलं होतं आणि उपायही तयार होता: टाकी भरली की मोबाईलवर निरोप येणार!

मी म्हटलं, "उपाय छान आहे गं, पण प्रश्न काय आहे?" चौघी माझ्याकडे बघतच राहिल्या.

अशा स्पर्धांची एक जुनी पद्धत आहे. अमेरिकेत १९७४ साली पॉल टॉरन्स या मानसशास्त्रज्ञाने मुलांसाठी भविष्यातले प्रश्न सोडवण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्याच्या सहा पायऱ्या आहेत. आधी अडचणी शोधायच्या, मग त्यातली मूळ समस्या ठरवायची. उपायाचा नंबर तिसरा. आपण सगळेच पहिल्या दोन पायऱ्या गाळतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना लालबागजवळ कुंडी भंडाऱ्याला घेऊन गेलो. बुऱ्हाणपूरकरांना तो नवा नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मोगलांच्या दख्खन मोहिमांचा मुक्काम इथे असायचा. फौज मोठी आणि शहरही मोठं. नुसत्या तापीवर विसंबून चालण्यासारखं नव्हतं. अब्दुल रहीम खानखाना सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास ही योजना झाली. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे उतरतं. ते वाटेतच बोगद्यात धरलं आणि नुसत्या उताराने शहरापर्यंत आणलं. वर हवा-उजेडासाठी ओळीने शंभरावर कुंड्या. ना मोट, ना पंप. इराणातल्या कनातची ही पद्धत. २०२४ साली कुंडी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत आला, तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो टाकले होते.

मी पोरींना म्हटलं, "त्या माणसांनी आधी पाणी कुठून येतं, कुठे जातं ते पाहिलं. खोदायला नंतर घेतलं. आणि जेवढं आपोआप झिरपून येईल तेवढंच घेतलं."

नातीने विचारलं, "मग आजोबा, आता पाणी कमी का झालं?"

मी कारणं सांगितली. बोगद्यात चुन्याचे थर साचतात. डोंगरावरची झाडं गेली. आणि आजूबाजूला ट्यूबवेल झाल्या, आपली केळी त्यांच्यावरच तर उभी आहे.

"ट्यूबवेलला पैसे कोण द्यायचं?"

मंडळी, या प्रश्नावर मी गप्प झालो. पैसे बँक द्यायची, आणि बँकेत सही करायला मी बसलो होतो. विहिरी, मोटारी, ट्यूबवेल, कितीतरी प्रकरणं माझ्या हातून मंजूर झाली. खसरा, बी-१, नकाशा, कोटेशन सगळं तपासायचो. केळीवाल्यांची वसुली चांगली, त्यामुळे वरचे साहेबही खूश. एकही केस नियमाबाहेरची नव्हती. शेतकऱ्यांच्या घरात पैसा आला, मुलं शिकली, याचा आनंद आजही आहे. पण त्या सगळ्या केसेसची बेरीज करून, खालचं पाणी एवढ्यांना पुरेल का, हे मी एकदाही विचारलं नाही. कॉमर्सचा पदवीधर मी, आयुष्यभर ताळेबंद जुळवले. हा एक ताळेबंद मात्र मांडायचाच राहिला.

हे सगळं मी पोरींना तिथेच सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हणाली, "म्हणजे आजोबा, प्रत्येकाचं बरोबर होतं, पण सगळ्यांचं मिळून चुकलं. हाच आपला प्रश्न."

मला वाटतं जगातले बरेच मोठे प्रश्न असेच आहेत, हवेचे काय, पाण्याचे काय. जुलै २०२२ मध्ये आपला बुऱ्हाणपूर देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण नळ घरात आला म्हणून जमिनीखालचं पाणी वाढत नाही.

पोरींनी मोबाईलचा उपाय बाजूला ठेवला. आता दर रविवारी मोहल्ल्यातल्या विहिरींत दगड बांधलेली दोरी सोडून पाण्याची खोली मोजतात. वही माझ्याकडे आहे, नोंदी मी करतो. पावसाळ्याआधी किती, नंतर किती, जमा आणि नावे. स्पर्धेत नंबर येवो न येवो, वही चालू राहणार.

तुमच्या घरी, वाड्यात जुनी विहीर असेल तर पूर्वी मे महिन्यात पाणी किती हातांवर असायचं, ते आठवून खाली लिहा. पोरींना जुन्या नोंदी हव्या आहेत.