कर्करोगाच्या वेदना : औषधाला मनाची साथ

कर्करोगाच्या निदानानंतर रुग्णाला मृत्यूइतकीच धास्ती वाटते ती वेदनांची. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक संशोधनांच्या एका आढाव्यानुसार, उपचार सुरू असलेल्या सुमारे ५५ टक्के आणि आजार बळावलेल्या ६६ टक्के रुग्णांना वेदना होतात. औषधे हा त्यांवरील मुख्य उपाय. मात्र, त्याच औषधाने दिवसा सुसह्य झालेली वेदना रात्रीच्या एकांतात असह्य होते, हा अनेक रुग्णांचा अनुभव आहे. मानसोपचारांचे स्थान नेमके येथे आहे.

समग्र वेदना

परिचारिका, वैद्यकीय समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झालेल्या सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक दुःख मिळून 'समग्र वेदना' बनते, असा विचार त्यांनी मांडला. उपचारांचा खर्च, मुलांची काळजी आणि परावलंबनाची खंत यांचाही त्या वेदनेत वाटा असतो.

शास्त्रीय आधार

रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये 'द्वार सिद्धांत' मांडला. वेदनेचे संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत कमी-अधिक होतात आणि त्यावर मेंदूचेही नियंत्रण असते, हे त्याचे सार. सिद्धांताच्या तपशिलात पुढे बदल झाले. पण भीती व नैराश्याने वेदना तीव्र होते, हे आता सर्वमान्य आहे. वेदनेवर मनाचा परिणाम होतो, याचा अर्थ ती काल्पनिक असते असा मुळीच नाही.

प्रमुख पद्धती

* स्नायू शिथिलीकरण : अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी ही पद्धत विकसित केली. हात, खांदे, पाय असा एकेक भाग काही सेकंद आवळून सावकाश सैल सोडायचा. हाडात आजार पसरला असल्यास तो भाग आवळू नये. संथ श्वसन करावे.

* विचारांची तपासणी : 'दुखणे वाढले, म्हणजे आजार पसरला' असा विचार क्षणार्धात मनात येतो. समुपदेशक रुग्णाला वेदनेची नोंदवही ठेवण्यास सांगतात. वेळ, शून्य ते दहापैकी तीव्रता, त्या वेळचे काम आणि मनातील विचार त्यात लिहायचे. गोळी घेण्यास उशीर झाला होता किंवा दगदग जास्त झाली होती, हे त्यातून लक्षात येते. मात्र, नवी किंवा अचानक वाढलेली वेदना डॉक्टरांना तातडीने सांगावी.

* कल्पनाचित्र व संमोहन : गावचे अंगण, नदीकाठ अशा प्रिय जागेचे चित्र डोळे मिटून तपशिलाने उभे करायचे. अस्थिमज्जा तपासणीसारख्या क्लेशदायक प्रसंगी, विशेषतः मुलांमध्ये, प्रशिक्षित तज्ज्ञाने केलेल्या संमोहनाचा उपयोग दिसून आला आहे.

* लक्ष वळवणे : संगीत, गप्पा, वाचन, लहान मुलांसाठी सुई टोचताना साबणाचे फुगे.

घरच्यांची भूमिका

'थोडे सहन कर' हे वाक्य आपल्या घरांत सहज बोलले जाते. त्यामुळे घरच्यांना त्रास नको म्हणून रुग्ण बोलेनासा होतो. अनेकदा आजाराचे नावही त्याच्यापासून लपवले जाते आणि त्याची भीती अधिकच वाढते. 'आज किती दुखते आहे?' असे विचारणे आणि उत्तरावर विश्वास ठेवणे, हाही उपचाराचाच भाग आहे.

पर्याय नव्हे, पूरक

या पद्धती औषधांची जागा घेऊ शकत नाहीत. तीव्र वेदनेत मॉर्फिन आवश्यक ठरते. व्यसन लागेल या भीतीने ते नाकारू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते सुरक्षितपणे देता येते. ते रुग्णांना सुलभतेने मिळावे म्हणून भारतात २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्तीही झाली. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या शांती आवेदना सदनने देशात हॉस्पिस सेवेचा पाया घातला. टाटा मेमोरियल रुग्णालयातही परिहार सेवेचा स्वतंत्र विभाग आहे. ही सेवा केवळ अखेरच्या दिवसांसाठी नसते. निदानापासूनच तिची मदत घेता येते. वेदना निमूटपणे सोसण्याने आजार बरा होत नाही; ती वेळीच सांगितल्यास उपचारांचे दिवस मात्र सुसह्य होऊ शकतात.