दुर्गा खोटे

दुर्गा खोटे (माहेरचे नाव: विटा लाड, जन्म: १४ जानेवारी १९०५, मुंबई, मृत्यू: २२ सप्टेंबर १९९१) या मराठी व हिंदी चित्रपटांतील तसेच मराठी रंगभूमीवरील अभिनेत्री होत्या. 'अयोध्येचा राजा' (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटात त्यांनी तारामतीची भूमिका केली. सुमारे ५० वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी २०० च्या आसपास चित्रपटांतून कामे केली. सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रीने चित्रपटात काम करणे समाजाला मान्य नव्हते, त्या काळात त्यांनी हा व्यवसाय पत्करला आणि तो सन्मानाने करता येतो हे दाखवून दिले. भारतीय चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च समजला जाणारा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना १९८३ सालासाठी देण्यात आला.

पार्श्वभूमी

दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. अखेर ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई (पुढे कमलाबाई गोखले) या पडद्यावर आल्या. तरीही पुढील अनेक वर्षे चित्रपटातील नटीकडे पाहण्याची समाजाची दृष्टी फारशी बदलली नाही. 'राजा हरिश्चंद्र'नंतर १९ वर्षांनी हरिश्चंद्राचीच कथा मराठी बोलपटाच्या रूपाने आली आणि तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे दिसल्या.

प्रारंभिक जीवन

दुर्गाबाईंचा जन्म मूळच्या गोव्याच्या, मुंबईत स्थायिक झालेल्या लाड कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव पांडुरंग शामराव लाड आणि आईचे नाव मंजुळाबाई. घरात कोकणी बोलली जात असे. त्यांचे शालेय शिक्षण मुंबईच्या कॅथेड्रल शाळेत व पुढील शिक्षण सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. मुलींनी इंग्रजी शाळेत व महाविद्यालयात शिकणे त्या काळी विरळाच होते.

महाविद्यालयात शिकत असतानाच त्यांचा विवाह मुंबईतील सधन खोटे घराण्यातील विश्वनाथ खोटे यांच्याशी झाला. बकुल आणि हरीन हे त्यांचे दोन पुत्र. पुढे सासरची आर्थिक स्थिती ढासळली, तसेच तरुणपणीच त्यांना वैधव्य आले. दोन मुलांच्या पालनपोषणासाठी स्वतः अर्थार्जन करणे त्यांना भाग पडले. हौस किंवा प्रसिद्धीची ओढ हे त्यांच्या चित्रपटप्रवेशाचे कारण नव्हते. स्वतःच्या पायावर उभे राहण्याची निकड हे त्याचे मूळ होते.

चित्रपट कारकीर्द

पदार्पण

मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' (१९३१) या चित्रपटातील छोट्या भूमिकेद्वारे दुर्गाबाई पडद्यावर आल्या. या चित्रपटाने त्यांच्या वाट्याला कौतुकाऐवजी टीका आली. प्रतिष्ठित कुटुंबातील स्त्रीने असे काम केल्याबद्दल नातेवाइकांत व समाजात नाराजी व्यक्त झाली. मात्र त्यांचे काम प्रभात फिल्म कंपनीचे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्या नजरेत भरले आणि कंपनीच्या पहिल्या बोलपटातील नायिकेच्या भूमिकेसाठी त्यांची निवड झाली.

प्रभात फिल्म कंपनी

'अयोध्येचा राजा' ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याची हिंदी आवृत्तीही तयार करण्यात आली. हरिश्चंद्राची भूमिका व संगीत ही दोन्ही कामे गोविंदराव टेंबे यांच्याकडे होती. पार्श्वगायनाची पद्धत तोवर रूढ झालेली नव्हती. चित्रीकरण चालू असतानाच कलावंतांना गावे लागे आणि त्याच वेळी ध्वनिमुद्रण होई. स्वच्छ उच्चार, भारदस्त आवाज आणि डौलदार व्यक्तिमत्त्व हे दुर्गाबाईंचे गुण बोलपटाच्या या नव्या माध्यमाला अनुरूप ठरले. तारामतीची भूमिका अत्यंत लोकप्रिय झाली आणि 'फरेबी जाल'च्या वेळची टीका मागे पडली.

त्याच वर्षीच्या 'माया मच्छिंद्र' या चित्रपटात त्यांनी स्त्रीराज्याच्या राणीची, किलोतळेची, भूमिका केली. चार वर्षांनी आलेल्या 'अमर ज्योती' (१९३६) या शांताराम दिग्दर्शित हिंदी चित्रपटातील सौदामिनी ही त्यांच्या कारकिर्दीतील विशेष महत्त्वाची भूमिका मानली जाते. पोटच्या मुलावरचा हक्क नाकारला गेल्यामुळे बंड करून समुद्री चाच्यांची नायिका बनलेल्या स्त्रीची ही कथा आहे. पौराणिक पतिव्रतेच्या भूमिकेतून नावारूपाला आलेल्या अभिनेत्रीने पुरुषप्रधान व्यवस्थेशी उघड वैर धरणारी स्त्री तितक्याच ताकदीने उभी केली. शांता आपटे व चंद्रमोहन यांच्याही या चित्रपटात प्रमुख भूमिका होत्या. हा चित्रपट व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला.

कोलकाता आणि मुक्त व्यवसाय

१९३० च्या दशकात कलावंत सामान्यतः एकाच चित्रपट कंपनीत मासिक पगारावर नोकरी करीत. कराराच्या मुदतीत त्यांना अन्यत्र काम करता येत नसे. दुर्गाबाईंनी ही चौकट मोडली आणि वेगवेगळ्या कंपन्यांशी स्वतंत्रपणे करार करून काम केले. त्यामुळे मुक्त व्यावसायिक म्हणून काम करणाऱ्या पहिल्या भारतीय कलावंतांत त्यांची गणना होते. या स्वातंत्र्याबरोबर अनिश्चितताही होती, कारण दरमहा पगाराची हमी त्यात नव्हती. भूमिका आणि मोबदला ठरविण्याचा अधिकार मात्र कलावंताकडे राहत असे.

प्रभातबाहेर पडून त्या कोलकात्याला गेल्या. तेथे न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा' (१९३३) आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या 'सीता' (१९३४) या देवकी बोस दिग्दर्शित चित्रपटांत त्यांनी काम केले. दोन्ही चित्रपटांत पृथ्वीराज कपूर त्यांच्यासोबत होते. 'सीता' व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला आणि त्याला सन्मानपत्र मिळाले. देवकी बोस यांच्याच 'इन्किलाब' (१९३५) या चित्रपटातही त्या होत्या. याच चित्रपटात राज कपूर बालकलाकार म्हणून प्रथम पडद्यावर आले. पुढे मुंबईत 'साथी' (मराठीत 'सवंगडी') या चित्रपटाद्वारे दुर्गाबाईंनी निर्मितीच्या क्षेत्रातही पाऊल टाकले.

चरित्र भूमिका

१९४० च्या दशकाच्या आरंभी दुर्गाबाई नायिकेकडून प्रौढ, व्यक्तिप्रधान भूमिकांकडे वळल्या. आचार्य अत्रे यांच्या कथेवरील 'पायाची दासी' (१९४१, हिंदीत 'चरणों की दासी') या चित्रपटात त्यांनी खाष्ट सासू रंगविली. विजय भट्ट यांच्या 'भरत भेट' (१९४२; हिंदीत 'भरत मिलाप') या चित्रपटात त्या कैकेयी झाल्या. या दोन्ही भूमिकांसाठी बंगाल फिल्म जर्नालिस्ट्स असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना मिळाला. सोहराब मोदी यांच्या 'पृथ्वीवल्लभ' (१९४३) मधील मृणालवती हीदेखील त्यांची गाजलेली भूमिका आहे. सहानुभूती न मिळवणाऱ्या स्त्रियांच्या भूमिका स्वीकारल्यामुळे त्यांच्या अभिनयाचा पल्ला वाढला. नायिकेचे वय सरल्यावरही त्यांच्यासाठी महत्त्वाच्या भूमिका लिहिल्या जात राहिल्या.

के. आसिफ यांच्या 'मुघल-ए-आझम' (१९६०) मधील जोधाबाई ही त्यांची सर्वाधिक परिचित भूमिका होय. पती बादशहा अकबर आणि पुत्र सलीम यांच्या संघर्षात सापडलेली राणी त्यांनी संयत अभिनयाने साकारली. अकबराच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर होते. जेम्स आयव्हरी यांच्या 'द हाउसहोल्डर' (१९६३) या चित्रपटात त्यांनी नायकाच्या आईचे काम केले. 'अनुपमा' (१९६६), 'बावर्ची' (१९७२), 'अभिमान' (१९७३) आणि 'बॉबी' (१९७३) या चित्रपटांतून त्या नव्या पिढीच्या प्रेक्षकांना परिचित झाल्या. 'बिदाई' (१९७४) मधील भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. 'कर्ज' (१९८०) हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक आहे.

रंगभूमी

चित्रपटांत व्यग्र असतानाही दुर्गाबाईंनी मराठी रंगभूमीशी संबंध राखला. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यप्रयोगांत त्यांनी महत्त्वाच्या भूमिका केल्या. कृ. प्र. खाडिलकर यांच्या 'भाऊबंदकी' नाटकातील आनंदीबाई, तसेच शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वर आधारित, वि. वा. शिरवाडकर लिखित 'राजमुकुट' मधील भूमिका विशेष गाजली. या प्रयोगांत नानासाहेब फाटक यांच्यासारखे मातब्बर नट त्यांच्यासोबत होते. रंगभूमीवरील अभिनयासाठी १९५८ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार देण्यात आला.

निर्मिती

१९५० च्या दशकात दुर्गाबाईंनी फॅक्ट फिल्म्स ही संस्था स्थापन केली. पुढे दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स या नावाने त्यांचे काम चालू राहिले. या संस्थांनी अनेक वर्षे माहितीपट, लघुपट व जाहिरातपट तयार केले. आर. के. लक्ष्मण यांच्या व्यक्तिरेखांवर आधारित 'वागले की दुनिया' (१९८८) ही दूरदर्शनवरील लोकप्रिय मालिका त्यांच्याच संस्थेची निर्मिती होती. कुंदन शाह हे तिचे दिग्दर्शक होते.

वैयक्तिक जीवन आणि आत्मचरित्र

दुर्गाबाईंचे पुत्र हरीन यांचे अकाली निधन झाले. रंगकर्मी विजया मेहता या हरीन यांच्या पत्नी होत्या. मूकपटांतील अभिनेते नंदू खोटे हे दुर्गाबाईंचे दीर. अभिनेत्री शुभा खोटे व अभिनेते विजू खोटे ही त्यांची मुले.

'मी, दुर्गा खोटे' हे दुर्गाबाईंचे मराठी आत्मचरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आहे. व्यावसायिक यशाबरोबरच कौटुंबिक आपत्ती व आर्थिक ओढाताण यांविषयीचे स्पष्ट निवेदन हे या पुस्तकाचे वैशिष्ट्य आहे. बोलपटाच्या आरंभकाळातील चित्रपटव्यवसायाच्या अभ्यासासाठीही ते उपयुक्त आहे.

वारसा

दुर्गाबाईंच्या यशानंतर सुशिक्षित मध्यमवर्गीय कुटुंबांतील मुलींचा चित्रपटप्रवेश तुलनेने सुकर झाला. अभिनेत्री, निर्माती आणि मुक्त व्यावसायिक अशा तिन्ही नात्यांनी त्यांनी पुढील पिढीसमोर उदाहरण ठेवले. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने २०१३ मध्ये काढलेल्या तिकिटांच्या संचात त्यांच्या चित्राचा समावेश आहे.

पुरस्कार व सन्मान

• संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९५८)
• पद्मश्री (१९६८)
• फिल्मफेअर पुरस्कार, सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री – 'बिदाई'
• दादासाहेब फाळके पुरस्कार (१९८३)

निवडक चित्रपट व भूमिका

• अयोध्येचा राजा (१९३२) – तारामती
• माया मच्छिंद्र (१९३२) – राणी किलोतळा
• राजरानी मीरा (१९३३) – मीरा
• सीता (१९३४) – सीता
• अमर ज्योती (१९३६) – सौदामिनी
• भरत भेट (१९४२) – कैकेयी
• पृथ्वीवल्लभ (१९४३) – मृणालवती
• मुघल-ए-आझम (१९६०) – जोधाबाई
• बॉबी (१९७३) – मिसेस ब्रगँझा